धुऱ्यावरची बनी

माहेरून आलेली ओटी डोळे मिटून घ्यायची, असा पारबतामावशीच्या घराण्याचा रिवाज होता. भावाने पदरात काय टाकलं, किती टाकलं, हे तिथल्या तिथे पाहायचं नाही. डोळे मिटायचे, पदर पुढे करायचा, ओझं जाणवलं की गाठ मारायची आणि ती गाठ कपाळाला लावून आत न्यायची. मी एकदा विचारलं, की पाहिलं तर काय होतं? मी वर्गात चुकीचा पाढा म्हटल्यासारखी तिने माझ्याकडे नजर टाकली.

"भाऊ काय दुकानदार हाये, मास्तर? त्याच्यापुढे बसून निवडाले घेऊ मी?"

आमच्या अमरावतीच्या घरी असं काही नव्हतं. मामाने खण आणला की आई आधी तो उजेडात धरून भोकं शोधायची, आणि सापडली तर मामाला जेवणाआधीच सांगायची. म्हणून मावशीचा रिवाज मला फार मोठ्या मनाचा वाटला. अजूनही वाटतो. पुढे तिचं जे झालं ते त्या रिवाजापायी झालं असं लोक म्हणाले. मला ते पटलं नाही. पदर पुढे करणाऱ्याची त्यात काय चूक?

अमरावतीची शाळा संपवून मी मास्तर झालो आणि अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या वाटेवर बोरडोह म्हणून गाव आहे, तिथल्या नव्या सरकारी शाळेवर गेलो. माझे वडील अमरावतीच्या बाजारात कापसाची पोती शिवत. घरात अक्षर ओळखणारा मी पहिलाच. नोकरी लागली याचा आनंद मोठा होता, पण बोरडोहात मला कोणी घरात ठेवून घेईना. मास्तर म्हणजे सरकारचा माणूस, गोठ्यातली गुरं मोजून जाईल आणि मग सारा वाढेल, अशी लोकांना भीती. शेवटी सोनबांनी आपल्या घराची छपरी दिली. सोनबा म्हणजे पारबतामावशीचे यजमान; मावशी ती साऱ्या गावाचीच. दिवसाकाठी चार वाक्यं बोलत, त्यातली दोन बैलांशी.

पहिल्या संध्याकाळी मावशी छपरीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. उंच बाई, रुंद पंजे, आवाज वावराच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असा.

"तुमी ढोरं मोजाले आले काय?"

"नाही, मुलं शिकवायला."

"मंग जेवाले बसा. पोट्टे त या गावात कोनाच्याच हाती लागत नाईत."

दुसऱ्या दिवसापासून मी 'तुमी'चा 'तू' झालो, आणि तिथे असेपर्यंत मला कधी हाताने भाकरी करावी लागली नाही.

तिला एक खोड होती. काहीही सुती दिसलं की ती त्याचा कोपरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळायची. कापसाचं बोंड असेल तर त्यातला पुंजका ओढून धागा किती लांब निघतो ते पाहायची. कापड असेल तर नुसतं चोळून मत द्यायची. पाहुण्याचं उपरणं, नव्या नवरीचं लुगडं, देवळातल्या समईची वात, तिच्या चिमटीतून काही सुटत नसे. शाळा तपासायला डिपोटी साहेब आले तेव्हा तिने त्यांच्या धोतराचा सोगा चिमटीत धरला. साहेब दचकून मागे सरकले. मला वाटलं, आपली नोकरी गेली.

"बनी हाये," ती समाधानाने म्हणाली. "आपल्या इकडची बनी."

"अहो बाई, हे विलायती धोतर आहे. मुंबईहून आणलं."

"धोतर असन विलायती. कापूस आपलाच असन."

साहेबांना हसू आलं. खरं काय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. पण ती दिवसभर खूश होती, जणू दूर दिलेल्या लेकीला कोणी रस्त्यात पाहिलं आणि ती बरी असल्याचं येऊन सांगितलं.

बनी ही आमच्या वऱ्हाडची जुनी कपाशी, इकडच्या बोलीत पऱ्हाटी. तिचं फूल पिवळं, धागा लांब आणि मऊ. पण झाड हात राखून देतं. दुसरी जरी. तिचं फूल पांढरं, धागा आखूड आणि खरबरीत, मात्र झाड बोंडांनी लदून जातं. मावशीच्या वावरात फक्त बनी असे, आणि तिची सरकी, म्हणजे कपाशीचं बी, लग्नात तिच्या ओटीत आलेलं होतं. तिच्या आईलाही ते तसंच मिळालेलं. त्या घरात मुलीच्या ओटीत तांदूळ-नारळाबरोबर ओंजळभर बनीची सरकी घालत. आईकडून लेकीकडे, लेकीकडून तिच्या लेकीकडे अशी ती सरकी गावोगाव चालत आली होती. मावशीची एकुलती लेक गोदी. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलेलं होतं, आणि तिच्या ओटीत ती सरकी पडायची होती.

सरकी राखायची तिची एक रीत होती. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या दिवशी बाया वावरात दहीभात नेतात आणि कपाशीच्या झाडाची पूजा करतात. त्याला सीतादही म्हणतात. त्या दिवशी वेचलेला कापूस मावशी वेगळा ठेवी. तो घरच्या रेच्यावर, म्हणजे लाकडी लाटांच्या हातचरख्यावर, स्वतः काढी. रुई पलीकडे जाई, सरकी अलीकडे पडे. ती वाळवून कणगीत भरायची आणि कणगीचं तोंड शेणामातीने लिंपून टाकायचं. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, पेरणीच्या आधी, कणगी फोडायची. ज्याला हवी त्याने यावं, शेला पसरावा. ती ओंजळीने घाली. मोल घेत नसे. एकच बोलणं असे, "मिसय करू नका," म्हणजे दुसऱ्या बियात मिसळू नका.

मी तिला विचारलं होतं, की इतकं करून तुला काय मिळतं?

"तू पोरायले बाराखडी शिकवतं, ते तुले काय देतेत?"

"मला पगार मिळतो."

"पगार नसता त नसती शिकवली?"

ती रेचा फिरवत राहिली. मी पुढे शिकावं, मुंबईला जावं, असं मला पहिल्यांदा बोलून दाखवणारीही तीच. म्हणाली, "अर्धी वेचनी करून कोनी वावर सोडते काय?" माझ्या घरातून हे कोणी सांगू शकलं नसतं. तिथे पुढे म्हणजे कुठे, हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

तिच्या अंगी सगळे गुणच होते असं नाही. ती हट्टी होती. जरी पेरणाऱ्यांना चारचौघांत टोचून बोलायची. "तुह्या कापसाची वात करून पाह्य, देव आंधारात राह्यते का नाई," असं एका म्हाताऱ्याला म्हणाली, तर तो बिचारा देवळातून उठून गेला. लोक तिला मानत आणि तिला टाळतही.

ते कापसाच्या तेजीचे दिवस होते. समुद्रापलीकडे कुठेतरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता आणि सगळी विलायत आमच्या कापसावर तुटून पडली होती. गवताच्या छपराखाली राहणाऱ्यांनी माड्या चढवल्या. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. अमरावतीला गेलो की वडील म्हणत, शिवायला पोती पुरत नाहीत, लोक गाड्यांतून कापूस तसाच ओततात. बोरडोहातल्या एकाने मारुतीला नारळ फोडला आणि मोठ्याने मागणं मागितलं, की ही लढाई अशीच चालू दे.

मावशी तिथेच होती. "अरे, तिथं कोनाचे पोट्टे मरून राह्यले असतीन."

"आपले थोडीच हायेत, मावशी?"

तिने खोबऱ्याचा तुकडा घेतला नाही.

त्या घाईत व्यापारी बोंड चिमटीत धरून पाहीनासे झाले. वजन भरलं की झालं. बनी आणि जरीला एकच भाव. मग झाड हात राखून देणारी बनी कोण पेरील? तरी बोरडोहात सगळे सांगत, आमची बनीच आहे. शेजारच्या वावरातली बाई तर हसून म्हणायची, "मावशी, तुमी येता-जाता पाह्यतच असता ना आमची पऱ्हाटी!" आणि खरंच, पायवाटेने जाताना दोन्ही बाजूंना पिवळी फुलं दिसत. मावशी ती पाहून मान डोलवायची.

त्याच सुमारास अकोल्याला मोर्णेच्या काठी धुराड्याची जीन सुरू झाली. वाफेवर चालणारा रेचा आहे, असं लोक सांगत. मावशीला तो पाहायचा होता. सोनबांनी बंडी जुंपली. मावशी, गोदी आणि मी बसलो. मला वाटलं होतं, ती यंत्राला नावं ठेवील. पण दारातच ती थबकली आणि लहान मुलीसारखी हसायला लागली. रुईचा ढग उडत होता, पट्टे फिरत होते, कान बसत होते.

"माय वो! अन् मी जलमभर खांदे झिजवून राह्यली!" ती गोदीच्या कानात ओरडली. "हे बरं झालं. पोरींचे हात वाचतीन."

मग ती यंत्राच्या मागल्या बाजूला गेली. तिथे सरकीची भली मोठी रास पडत होती. एक गडी फावड्याने ती ओढत होता. मावशीने मूठभर उचलली.

"हे कोनाची सरकी?"

"जिनीची."

"तसं नाई रे बापा. कोनाच्या वावरातली?"

"आता साऱ्यायची. ज्याले पायजे तो घेऊन जाते ना रासेतून."

"बनी कोनती अन् जरी कोनती?"

गडी हसला. "सरकी म्हंजे सरकी, बाई. ढोरं खाताना इचारतेत काय?"

परत येताना गाव दिसू लागल्यावर ती सोनबांना म्हणाली, "सारा कापूस न्या जिनीवर. खुशाल न्या. सीतादहीचा तेवढा माह्या घरी राहू द्या." बदल काही तिला नकोसा नव्हता. त्यात एक ओंजळ जागा तिला स्वतःसाठी ठेवायची होती, एवढंच.

आखाजी तोंडावर आली असताना अवकाळी गारपीट झाली. आमच्याकडची घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. सोनबांच्या धाब्याला नेमकी कणगीच्या डोक्यावर भेग पडली आणि कोणाच्या ध्यानात आलं नाही. आखाजीला मावशीने कणगी फोडून आत हात घातला आणि तो तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, "मास्तर, तू घालून पाह्य." मी हात घातला. आत ऊब होती, तापाने फणफणलेल्या पोराच्या अंगासारखी. सरकी भिजून, तापून, कोंब येऊन कुजली होती. तळापर्यंत.

ती रडली नाही. पदर खोचून गावात निघाली. इतकी वर्षं जिने ओंजळीने दिलं होतं ती आज शेला पसरायला चालली होती. पण त्या दिवशी बोरडोहात कोणाकडेच बनी निघाली नाही. एकाची उंदरांनी खाल्ली होती, एकाने सासरवाडीला धाडली होती, एकाची तर म्हणे तिच्यासारखीच भिजली होती, त्याच्या धाब्याला भेग नसताना. मावशीने सगळ्यांचं खरं मानलं.

"नामाकडे हाये," ती परत येऊन म्हणाली. "माह्या मायची सरकी. तिथं काई जात नाई."

नामा तिचा धाकटा भाऊ. पातूरच्या बाजूला त्यांचं माहेर. आई गेली तेव्हा तो रांगता होता आणि मावशीने त्याला कडेवर घेऊन वाढवला होता. हसरा, बोलका माणूस. मावशीची थट्टा करायची हिंमत असलेला एवढाच. दर सीतादहीला यायचा, तिच्या कपाशीजवळ उभा राहून विचारायचा, "काहून वो बाई, यंदा पऱ्हाटी लाजून राह्यली काय?" आणि ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची.

निरोप गेला आणि चार दिवसांनी नामाची बंडी आली. बैलांच्या शिंगांवर नव्या शेंब्या. बंडीत पोतं. मावशी दारात पाट मांडून बसली. डोळे मिटले, पदर पुढे केला. नामाने पहिली ओंजळ पदरात घातली. मग दुसरी. सरकी पदरात पडताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पुन्हा कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. तिने गाठ मारली, कपाळाला लावली.

"माय आली माह्या घरी," ती म्हणाली.

नामाने त्या दिवशी थट्टा केली नाही. जेवायलाही थांबला नाही; बैल नवे आहेत, अंधारात बुजतात, म्हणाला. अजून दुपार कलली नव्हती.

पेरण्याआधी सरकी शेणामातीच्या काल्यात चोळावी लागते, म्हणजे तिची लव बसते आणि ती सुटी पडते. ते काम दरवर्षी मावशीचं. त्या वर्षी ती उठून येईपर्यंत सोनबांनीच सगळी चोळून ठेवली होती. "तू बस. थकली तू," ते म्हणाले. सोनबांच्या तोंडी एवढं लांब बोलणं म्हणजे मायाच, असं आम्हाला वाटलं. चोळलेली सरकी काळपट गोळ्यांसारखी दिसते, सगळी सारखी.

कपाशी वर आली. मावशी दरवर्षी छपरीशी येऊन मला वावराची बातमी द्यायची, त्या वर्षी देईना. एकदा मीच विचारलं. म्हणाली, "पान चिरल्यावानी दिसते. पावसानं ओढ देल्ली ना, म्हनून." पुन्हा विचारलं तर म्हणाली, "जमीन दमली असन." जरीचं पान चिरलेलं असतं आणि बनीचं रुंद, हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तरी मी तिला ते बोलू शकलो नसतो. तिला ते कळत होतं. तिने ओटी डोळे मिटून घेतली होती आणि डोळे अजून उघडले नव्हते.

फूल आलं त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी सकाळी सोनबांबरोबर वावरात गेलो. मावशी आधीच गेली होती. वावराच्या मधोमध ती उभी होती आणि तिच्याभोवती, नजर जाईल तिथवर, पांढरी फुलं उमलली होती. ऊन कोवळं होतं. दुसऱ्या कोणाला ते फार सुंदर वाटलं असतं.

तिने एक फूल तोडून मुठीत धरलं आणि चालू लागली. धुरा, म्हणजे वावराचा बांध, ओलांडून शेजारच्या वावरात शिरली. मी मागे गेलो. पायवाटेलगत पिवळी फुलं. तिने झाडं हाताने बाजूला सारली. आणखी एक पिवळी ओळ. आणखी एक. तिच्या पलीकडे, पार ओढ्यापर्यंत, सगळं पांढरं. ती तिथून निघाली आणि पुढच्या वावरात गेली. तिथेही तेच. त्याच्या पुढच्या वावरातही. गावातल्या प्रत्येकाने तिच्याच आदल्या ओंजळीतली, लपवून ठेवलेली मूठभर बनी पायवाटेच्या धुऱ्यावर लावली होती आणि आत जरी.

ती थांबली. तिचा तो मोठा आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

"मास्तर, हे पिवये कोनासाठी हायेत रे?"

मी मागे वळून पायवाटेकडे पाहिलं.

"माह्यासाठी. मी या वाटेनं जातो म्हनून."

परत येताना तिने धुऱ्यावर बसलेल्या सोनबांना विचारलं, "तुमाले ठाऊक होतं?"

सोनबा बैलाच्या मानेवरून हात फिरवत राहिले. "नामाची बंडी जिनीवर पाह्यली होती मी. जरीच घेऊन येते तो. सरकी तिथल्याच रासेतून नेते."

"कवापासून?"

"जरी त लढाई लागली तवापासून पेरते."

"अन् यंदाची सरकी तुमी चोयली."

"मंग काय तुह्या हातानं जरी चोयाले लावू तुले?"

त्या माणसाने ते प्रेमानेच केलं होतं, यात मला शंका नाही. गावानेही बहुधा तिचा मान राखायलाच त्या ओळी लावल्या होत्या. पण मावशीकडे पाहताना मला वाटलं, की एखादा वैरी असता तर त्याच्याशी तिला भांडता आलं असतं.

भाऊबीजेला नामा आला. येणार नाही असं मला वाटलं होतं. मावशीने पाट मांडला, दिवा लावला, त्याला ओवाळलं. अक्षता टाकताना म्हणाली, "पेरली त पेरली. साऱ्यायनंच पेरली. सांगायचं होतं."

"तू आइकली असती काय, बाई?"

"शिव्या देल्या असत्या. अबोला धरला असता. मंग बोलली असती."

"आखाजीले तुहा निरोप आला. तुले नाई कसं म्हनू? म्या म्हटलं, निदान पदर त भरन तुहा."

"पदर भरला ना." तिचा आवाज अगदी साधा होता. "माय आली म्हटलं म्या तुह्यासमोर. तू उभा होता. आइकत होता."

नामाने भेटीचं लुगडं काढलं आणि उठून तिच्या पुढ्यात धरलं. मावशीने पदर पुढे केला नाही.

"ताटात ठेव," ती म्हणाली.

त्यानंतर काही दिवसांनी ती घरोघर गेली. मला वाटलं, आता ही सगळ्यांना फैलावर घेणार. पण तिने प्रत्येकाकडे एकच मागितलं. धुऱ्यावरच्या ओळींची पहिली वेचणी माझी. नाही म्हणायला कोणाला तोंड नव्हतं. ज्या ओळी तिला फसवायला लावल्या होत्या, त्यांतच गावातली शेवटची बनी उरली होती. त्या वर्षी तिने सीतादही केली ती पायवाटेवर. दहीभाताची वाटी एका हातात, आणि दुसऱ्याच्या वावराच्या कडेकडेने वाकून ती एकेक बोंड वेचत होती. गोदीला तिने सोबत घेतलं नाही, सोनबांनाही नाही. रेच्यावर कापूस काढतानाही ती एकटीच बसली. पूर्वी तिच्याजवळ बाया येऊन बसत, हसणं-खिदळणं चाले. आता कोणी आलं की ती हात थांबवायची आणि ते माणूस जाईपर्यंत थांबलेला ठेवायची.

भर उन्हाळ्यात अकोल्याहून बातमी आली, की गोऱ्यांची लढाई संपली. भाव कोसळला. व्यापारी पुन्हा पुंजका ओढून धागा पाहू लागले आणि जरीच्या गाड्या बाजारातून परतू लागल्या. बोरडोहातले लोक एकेक करून मावशीच्या दारी आले. मावशी, बनीची सरकी पाहिजे. ती दळत होती. जातं न थांबवता म्हणाली, "होती ना तुमच्या धुऱ्यावर. तेवढी तरी जिनीत घालाची नोती."

गोदीच्या लग्नात ओटी भरताना मी जवळच उभा होतो. नामाही होता, बायांच्या मागे, भिंतीला टेकून. गोदीने रिवाजाप्रमाणे डोळे मिटून पदर पुढे केला. मावशीने तांदूळ घातले, नारळ ठेवला, आणि ओंजळभर सरकी घेऊन ती ओंजळ तशीच वर धरली.

"डोये उघड," ती म्हणाली.

बाया कुजबुजल्या. गोदीला वाटलं आपलं काही चुकलं.

"डोये उघड, पोरी. पाह्य. धुऱ्यावरची हाये, शेजारी जरी फुलली होती. काय उतरलं असन ते मले बी ठाऊक नाई. पेरशीन तवा फूल पाहून ठेवजो, पांढरं दिसलं त उपटून टाकजो." मग म्हणाली, "कोनं बी देल्लं तरी पाहून घेजो. मी देल्लं तरी."

गोदीने डोळे उघडले. आईच्या ओंजळीत वाकून पाहिलं. भिंतीपाशी टेकलेला नामा बाहेर निघून गेला.

त्याच उन्हाळ्यात मी शाळा सोडली आणि मुंबईला शिकायला निघालो. पुढे मी पदवीधर झालो, आमच्या घरातला पहिला, आणि त्याचं श्रेय कोणाकोणाला हे मोजू लागलो की पहिलं नाव मला बोरडोहाच्या त्या छपरीतलंच आठवतं. निघायच्या दिवशी सोनबांनी बंडी जुंपली. मावशीने वाटेसाठी फडकं बांधून आणलं, भाकरी-चटणी आहे म्हणाली. तिने आजवर दिलेलं कधी तपासून घ्यायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. मी ते गाठोडं कपाळाला लावलं आणि मांडीवर ठेवलं.

"सोडून पाह्य," ती म्हणाली.

"असू दे, मावशी. तू दिलंस ना."

"पाह्य म्हनलं ना."

सोनबांनी बैलांचा कासरा उचलला होता, तो खाली ठेवला. ती बंडीच्या चाकावर एक हात ठेवून उभी राहिली. मी गाठ सोडली. ज्वारीच्या भाकरी होत्या, चटणी होती, गुळाचा खडा होता. जे ती म्हणाली होती तेच होतं, त्याहून थोडं जास्तच. मी तिला ते सांगायला गेलो, पण तिचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. माझे डोळे फडक्यात आहेत ना, एवढंच ती पाहत होती. मग तिने चाकावरचा हात काढला आणि ती घराकडे वळली.